डिसेंबर-जानेवारीत घर बंद ठेवून भारतात जातोय, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून काय काय करायचं? (शिकागो)

मुग्धा_शिकागो

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरविलजवळ राहतो. पुण्यात पुतण्याचं लग्न आहे त्यामुळे या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं आणि संक्रांत करूनच परत यायचं असं ठरलंय, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत घर महिनाभराहून जास्त बंद राहणार. मुलांच्या सुट्टीमुळे आम्ही कायम उन्हाळ्यातच जायचो, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

घर १९९४ चं आहे, दुमजली, बेसमेंट अर्धं फिनिश केलेलं, गॅसचा फर्नेस (गरम हवेचा), पाइप तांब्याचे. किचनचं सिंक बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली आहे, आणि गराजच्या वर मुलीची खोली आणि तिचं बाथरूम आहे, ते बाथरूम हिवाळ्यात कायम गारच असतं, फरशीवर पाय ठेववत नाही.

२०२२ च्या ख्रिसमसला जी थंडीची लाट आली होती तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. ते सगळे नागपूरला होते. गराजच्या दाराखालून पाणी येऊन ड्राइव्हवेवर त्याचा बर्फ झालेला शेजाऱ्यांनी बघितला तेव्हा कुठे कळलं. खालच्या मजल्याचं सीलिंग कोसळलेलं, लाकडी फ्लोअर फुगून वर आलेलं, देवघरातले जुने फोटो, मुलांच्या लहानपणीचे अल्बम सगळं भिजून गेलं. त्या वहिनी अजून त्याबद्दल बोलताना रडतात, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

तर विचारायचं असं की पाणी मेनपासून बंद करून जायचं की नुसती हीट चालू ठेवली तरी पुरे? हे म्हणतात थर्मोस्टॅट ४५ ला ठेवू, घरात कोणी नसताना गॅस कशाला जाळायचा, पण मला ते पटत नाहीये. पाणी बंद केलं तर गीझर (टाकीवाला, गॅसचा) पण बंद करायचा का? दुसरं म्हणजे उत्तरेकडच्या गटरवर दरवर्षी मोठमोठे आइसिकल लटकतात आणि गेल्या फेब्रुवारीत त्याच बाजूच्या खोलीत सीलिंगच्या कोपऱ्यात पिवळट डाग आलाय, त्याचा आणि बर्फाचा काही संबंध आहे का? आणि हो, घरात तुळस आणि चांगला छातीएवढा वाढलेला कढीपत्ता आहे, त्यांचं काय करावं?

---

धनंजय_मिनियापोलिस

मुग्धाताई, वेळेत विचारलंत हे फार बरं झालं, बरेच लोक विमानतळावर जाताना विचारतात.

आधी ४५ चं बोलतो. ४५ नका ठेवू. थर्मोस्टॅट लावलेला असतो घराच्या मध्यभागी, हॉलमध्ये किंवा जिन्याजवळ, तिथे ४५ फॅरनहाइट (७ सेल्सियस) असेल तेव्हा बाहेरच्या भिंतीच्या आत, सिंकच्या कपाटामागे, किंवा तुमच्या त्या गराजवरच्या बाथरूमच्या फरशीखाली ३२ च्या, म्हणजे पाणी गोठतं त्या आकड्याच्या, खाली गेलेलं असू शकतं. रेड क्रॉसवाले सांगतात तो कमीत कमी आकडा ५५ फॅरनहाइट म्हणजे साधारण १३ सेल्सियस, आणि तुमच्या घराचं वर्णन वाचून मी तर ६० म्हणेन. दिवसा आणि रात्री एकच आकडा ठेवा, रात्री उतरवायचा प्रोग्राम असेल तर तो काढून टाका. गॅसचे जे काही थोडे डॉलर वाचतील ते फुटलेल्या पाइपपुढे काहीच नाहीत.

आता पाइप फुटतो कसा ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोय, पण पाइप बहुतेक वेळा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बुच एका जागी धरतो, तो वाढत जातो आणि त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये जे पाणी अडकलंय त्याला जायला जागाच राहत नाही, त्याचा दाब प्रचंड वाढतो आणि त्या अडकलेल्या पाण्याच्या टप्प्यात जिथे कमकुवत असेल तिथे पाइप चिरतो, मग ती जागा गरम खोलीत का असेना. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयच्या बिल्डिंग रिसर्चवाल्यांनी यावर प्रयोग केलेत, आणि बाहेर २० फॅरनहाइट (उणे ७ सेल्सियस) हा जो धोक्याचा आकडा सगळीकडे सांगतात ना, तो तिथूनच आलाय, तो उघड्या, इन्सुलेशन नसलेल्या पाइपसाठी आहे. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवा म्हणतात. वाहतं पाणी गोठत नाही हा त्यातला छोटा भाग, खरं काम म्हणजे नळ उघडा असल्यामुळे दाबाला वाट मिळते.

पण तुम्ही महिनाभर नसणार, नळ सोडून जाता येणार नाही. म्हणून पाणी मेनपासून बंद करा आणि हीट पण चालू ठेवा. दोन्ही. नुसत्या हीटवर विसंबलात आणि फर्नेस बंद पडला किंवा वीज गेली की संपलं, नुसतं पाणी बंद केलंत आणि हीट बंद केलीत तर पाइपात, गीझरमध्ये, ट्रॅपमध्ये (सिंक-मोरीखालच्या वाकड्या नळीत) राहिलेलं पाणी गोठणार.

जाताना सगळ्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, सगळ्या खोल्यांची दारंही, विशेषतः त्या गराजवरच्या बाथरूमचं. गराजचं मोठं दार नीट खालपर्यंत टेकतंय ना, रबर फाटलेलं नाही ना ते बघा, तुमच्या त्या बाथरूमला खालून थंडी लागते ती गराजमधूनच.

---

अनघा_न्यूजर्सी

धनंजय यांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त इन्शुरन्सचं सांगते कारण इथे बरेच जण अडकतात.

घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पाइप गोठून फुटण्याचं नुकसान धरलेलं असतं, पण घरात कोणी राहत नसेल तेव्हा त्याला अट असते. भाषा साधारण अशी असते की तुम्ही घरात हीट चालू ठेवायची योग्य ती काळजी घेतली असेल, किंवा पाणी बंद करून पाइप आणि उपकरणं रिकामी केली असतील, तरच भरपाई. म्हणजे हीट ४५ ला किंवा बंद करून गेलात आणि फुटलं तर ते क्लेम नाकारू शकतात. आमच्या ऑफिसमधल्या एकीचा याच मुद्द्यावरून क्लेम अडकला होता, शेवटी गॅसची बिलं दाखवावी लागली घरात हीट चालू होती हे सिद्ध करायला. म्हणून स्मार्ट थर्मोस्टॅट असेल तर त्याची हिस्ट्री ठेवा, निघायच्या दिवशी थर्मोस्टॅटचा, बंद केलेल्या व्हॉल्वचा फोटो काढा, घरातून एकदा फिरत व्हिडिओ काढून ठेवा. आणि एजंटला ईमेल करून विचारा की आम्ही इतके दिवस नसणार, काय करणं अपेक्षित आहे. उत्तर लेखी येऊ द्या, फोनवरच्या बोलण्याला नंतर काही किंमत नसते.

ज्यांच्या टाउनहाऊसमध्ये आगीचे स्प्रिंकलर आहेत त्यांनी मात्र मेन सरसकट बंद करू नका. त्या लाइनला पाणी चालूच असावं लागतं, पॉलिसीतही तसंच असतं. असोसिएशनला विचारून घरातल्या वापराची लाइन वेगळी बंद होते का ते बघा.

कढीपत्ता आणि तुळस कोणाकडे तरी ठेवून या. घर ५५-६० वर ठेवलं तर कढीपत्ता पानं टाकतो, तुळस तर उभी सुकते, आणि पाणी घालायला रोज कोण येणार. नेताना कुंडीसकट मोठ्या पिशवीत गुंडाळा आणि गाडी आधी गरम करून घ्या, घरापासून गाडीपर्यंतच्या गार वाऱ्याने सुद्धा कोवळी पानं काळी पडतात.

---

मुग्धा_शिकागो

धनंजय, अनघा, खूप खूप आभार. एजंटला आजच ईमेल केलाय. ह्यांना तो बुच आणि दाबाचा परिच्छेद वाचायला दिला, आता ६० वर तयार आहेत.

बेसमेंटमध्ये जाऊन मेन व्हॉल्व बघून आले. पुढच्या भिंतीतून पाइप आत येतो तिथे मीटर आहे, आणि त्याच्या आधी एक गोल चाकाचा व्हॉल्व आहे, पितळी, हिरवट झालेला. घर घेतल्यापासून कोणी हात लावलेला नसणार. थोडा फिरवून बघितला तर जाम आहे, जोर लावायची भीती वाटली. जोर लावू का?

---

विनायक_ग्रँडरॅपिड्स

नका जोर लावू! मी इथे मिशिगनमध्ये शाळांच्या इमारतींच्या मेंटेनन्सचं काम बघतो, बॉयलर, फर्नेस, प्लंबिंग सगळं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गोल चाकाचा म्हणजे गेट व्हॉल्व. आत एक पितळी पाचर वर-खाली होते. तीस वर्षं न हलवलेला गेट व्हॉल्व फिरवला की तीनपैकी एक गोष्ट होते, एकतर दांडीपाशी नटमधून पाणी ठिबकायला लागतं, किंवा चाक फिरतं पण आतली पाचर दांडीपासून तुटलेली असते म्हणून पाणी बंदच होत नाही, किंवा बंद होतं पण पूर्ण नाही. हे निघायच्या दिवशी संध्याकाळी कळलं तर काय करणार? म्हणून आत्ताच प्लंबर बोलवा आणि तो काढून बॉल व्हॉल्व लावून घ्या, आडव्या दांडीचा, पाव फेरी फिरवला की बंद, दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद आणि समांतर म्हणजे चालू, लांबून बघून कळतं. मीटरच्या आधीचा व्हॉल्व बदलायचा तर रस्त्यावरून पाणी बंद करावं लागतं, ते काम गावाच्या पाणी खात्याकडे असतं, प्लंबर त्यांना सांगून वेळ ठरवतो, म्हणून उशीर करू नका.

नवीन व्हॉल्व लागला की तपासायचं असं. सगळे नळ बंद, वॉशर बंद, कोणी फ्लश करायचं नाही, आणि मीटरवर बघा, आकड्यांच्या बाजूला एक छोटासा लाल किंवा काळा त्रिकोण असतो (नवीन डिजिटल मीटरवर नळाचं चिन्ह येतं). तो त्रिकोण अगदी हळू जरी फिरत असेल तरी घरात कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा टॉयलेटच्या टाकीतला रबर. आधी ते नीट करा. मग मेन बंद करा आणि खालच्या मजल्यावरचा एक नळ उघडा, पाणी थांबायला हवं. बारीक धार चालूच राहिली तर व्हॉल्व धरत नाहीये.

निघायच्या दिवशी मेन बंद केला की सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग बेसमेंटमधला सगळ्यात खालचा, लाँड्रीच्या सिंकचा वगैरे, तिथून पाइपातलं पाणी उतरेल. गरम आणि गार दोन्ही. सगळे टॉयलेट एकदा फ्लश करून टाकी रिकामी करा. वरचा एक आणि खालचा एक नळ उघडाच ठेवून जा, मग पाइपात थोडंफार राहिलेलं पाणी गोठलंच तरी त्याला फुगायला जागा आहे.

गीझर रिकामा करायची गरज नाही कारण तुम्ही हीट चालू ठेवताय, नॉब फक्त व्हेकेशनवर करा. ज्यांचा गीझर विजेचा आहे त्यांनी मात्र ब्रेकर बंद करून जा, टाकीत पाणी कमी असताना कॉइल तापली तर लगेच जळते.

पाणी बंद केल्यावर लोक विसरतात अशा दोन-तीन गोष्टी आहेत. फ्रिजचा आइस मेकर बंद करा, नाहीतर तो पाणी ओढायला वारंवार व्हॉल्व उघडत राहतो आणि ते बिघडतं. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर असेल तर तो बंद. आणि संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साचणारं पाणी बाहेर टाकणारा)! त्याचा ब्रेकर चुकून बंद करू नका, तो चालूच हवा. काही घरांत संपचा बॅकअप पंप नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा असतो, तो असेल तर मेन बंद केल्यावर तो बॅकअप पण गेला, तेव्हा बॅटरीवाला लावून घ्या. संपचा बाहेर जाणारा पाइप उताराचा हवा आणि टोकाला बर्फाने बंद होत नाहीये ना ते बघा, टोक गोठलं तर पंप पाणी ढकलत बसतो आणि तेच पाणी परत खड्ड्यात येतं.

ज्यांच्याकडे गरम हवेऐवजी बॉयलर आणि रेडिएटर आहेत त्यांनी वरचं मेन बंद करायचं आपल्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय करू नका, बॉयलरला पाणी कमी पडलं की तो आपोआप बंद पडतो आणि मग हीटच जाते.

फर्नेसची सर्व्हिस आत्ता करून घ्या, फिल्टर नवीन घाला. तुमचा फर्नेस जास्त एफिशियन्सीचा, म्हणजे पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर काढलेला असेल तर ते पाइप जमिनीपासून किती उंच आहेत बघा. वाऱ्याने बर्फाचा ढीग लागून ते बुजले की फर्नेस सुरक्षेसाठी बंद होतो. आणि तो फर्नेस जे पाणी सोडतो त्याची बारीक नळी गार जागेतून किंवा घराबाहेर गेलेली असेल तर ती गोठते, तरीही फर्नेस बंद. ऐन थंडीत हीट गेल्याचे मला जे फोन येतात त्यातले बरेचसे या दोन कारणांचे असतात.

---

केदार_डॅलस

विनायक सर, हे सगळं सेव्ह करून ठेवलंय.

मला फक्त एवढंच सांगायचंय की दक्षिणेकडच्यांनी हे आपल्यासाठी नाही असं म्हणून हा धागा सोडून देऊ नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे डॅलसला उणे २ फॅरनहाइट झालं होतं, १६ तारखेला पहाटे, आणि त्याच वेळी राज्यभर ४५ लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेलेली. आमच्याकडच्या घरांना बेसमेंट नसतं, पाण्याचे पाइप अ‍ॅटिकमधून (सीलिंग आणि छपरामधल्या पोकळीतून) जातात, आणि अ‍ॅटिक म्हणजे बाहेरच. टँकलेस गीझर घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेले, त्यात गोठू नये म्हणून छोटा हीटर असतो पण तो विजेवर, वीज गेली की तोही गेला. आमच्या गल्लीत वीज परत आली, बर्फ वितळला आणि मग एकेका घरातून सीलिंगमधून पाणी यायला लागलं, कारण चिर आधीच पडलेली होती, बर्फाने फक्त धरून ठेवलं होतं.

लोक रस्त्यावर येऊन विचारत होते मेन कुठे आहे. इथे तो पुढच्या हिरवळीत, कर्बजवळ, जमिनीत लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतो, आणि तो फिरवायला लांब दांड्याची किल्ली लागते. हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळते. ज्याच्याकडे ती होती तो त्या दिवशी अख्ख्या गल्लीचं पाणी बंद करत फिरत होता, म्हातारी माणसं दारात उभी राहून हात जोडत होती. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन, अटलांटावाल्यांनो, ती किल्ली आजच आणून ठेवा आणि झाकण एकदा उघडून बघा, बऱ्याचदा आत माती भरलेली असते.

---

शर्वरी_एडमंटन

गाडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात लिहिते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, बॅटरीला मेंटेनर लावा किंवा निदान कोणाला तरी अधूनमधून नीट फिरवून आणायला सांगा, नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याने बॅटरी उलट उतरते. बाहेर उभी असेल तर हँडब्रेक लावू नका, गोठून चिकटतो, ऑटोमॅटिकला पार्क पुरे, फक्त जागा सपाट बघा. काचेवर मारायचं निळं पाणी उन्हाळ्याचं राहिलं असेल तर ते गोठून टाकी तडकते, ते संपवून उणे ४० वालं भरा. आणि परत आल्यावर घाईघाईत गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच जाते.

---

धनंजय_मिनियापोलिस

मुग्धाताई, तुमच्या सीलिंगच्या डागाचं राहिलं होतं. हो, नक्की संबंध आहे, त्याला आइस डॅम म्हणतात, आणि मला विचाराल तर पाइपाइतकंच त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं कारण ते दरवर्षी होतंय.

होतं काय की घरातली गरम हवा सीलिंगमधल्या फटींतून अ‍ॅटिकमध्ये जाते, छपराचा मधला भाग गरम होतो, त्यावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी घरंगळत वळचणीपाशी येतं, तिथे खाली घर नाही म्हणून छप्पर गार, तिथे ते परत गोठतं. असं थर चढत चढत बांध तयार होतो आणि मागे पाण्याचं तळं साचतं. शिंगल्स वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी बनवलेले असतात, साचलेल्या पाण्यासाठी नाही, ते उलटं वर सरकून आत शिरतं आणि इन्सुलेशन भिजवत तुमच्या सीलिंगच्या कोपऱ्यात उतरतं. उत्तरेला ऊन नसतं म्हणून तिथे जास्त.

लोक गटरला दोष देतात, गटर साफ हवेच पण मूळ अ‍ॅटिकमध्ये आहे. एखाद्या थंड दिवशी अ‍ॅटिकचं झाकण उघडून टॉर्च घेऊन बघा. झाकणाच्या कडेला रबर आहे का, सीलिंगमधल्या दिव्यांच्या डब्यांभोवती फट आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर गेलीय की अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलीय. अ‍ॅटिकमध्ये सोडलेली असेल तर छपराच्या फळ्यांच्या खालच्या बाजूला पांढरं दव गोठलेलं दिसेल, खिळ्यांच्या टोकांवर बर्फाचे बारीक मणी असतील. जरा ऊन पडलं की ते वितळून टपटपतात आणि लोकांना वाटतं छप्पर गळतंय. आपल्याकडे कुकर, भात, चहा, पोळ्या असं दिवसभर चालू असतं त्यामुळे घरात वाफ बरीच असते, चुलीवरचा पंखा बाहेर हवा टाकणारा हवा आणि तो लावायलाच हवा.

आधी फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन वाढवायचं, आपल्याकडच्या थंडीला आर-४९ ते आर-६० सांगतात (आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त अडते), १९९४ च्या घरात त्याहून बरंच कमी असायची शक्यता आहे. आणि वळचणीखालच्या जाळ्यांतून हवा आत येऊन वर कण्यावरून बाहेर जाते तो रस्ता इन्सुलेशनने बुजवायचा नाही, पुष्कळ ठिकाणी कंत्राटदार तिथे कापूस ठासून जातात. यातलं सगळं निघण्याआधी होणार नाही, पण फटी बुजवणं आणि पंख्याची नळी बाहेर काढणं एका दिवसाचं काम आहे.

तुम्ही नसताना मोठा बर्फ पडला तर कोणालातरी जमिनीवरून लांब दांड्याच्या रेकने कडेचा तीन-चार फूट बर्फ ओढायला सांगा. शिडीवर चढायचं नाही, हातोडीने बर्फ फोडायचा नाही, शिंगल्स फुटतात आणि माणूसही पडतो. बांध तयार झालाच तर कॅल्शियम क्लोराइड जुन्या लांब मोज्यात भरून तो मोजा बांधावर आडवा न ठेवता उभा, वरून खाली असा ठेवायचा म्हणजे पाण्याला वाट होते. साधं मीठ नको, ते गटर आणि खालची झाडं खातं आणि १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं चालतही नाही.

---

मुग्धा_शिकागो

धनंजय, आत्ताच ह्यांना अ‍ॅटिकमध्ये पाठवलं. वरच्या बाथरूमच्या पंख्याची नळी खरंच निखळून इन्सुलेशनवर पडलेली आहे! इतकी वर्षं आंघोळीची सगळी वाफ तिथेच जात होती. उद्या माणूस बोलवतेय. प्लंबरची वेळही मिळाली, पुढच्या आठवड्यात.

अजून एक, वायफायवाले पाण्याचे सेन्सर घ्यायचा विचार आहे, ते उपयोगी आहेत का? आणि बाहेर दोन नळ आहेत, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही फ्रॉस्ट-फ्री आहेत असं घर घेताना सांगितलं होतं, त्यांना काही करायचं का?

---

विनायक_ग्रँडरॅपिड्स

सेन्सर चांगले, घ्याच, एक गीझरपाशी, एक संपपाशी, एक त्या गराजवरच्या बाथरूममध्ये. पण वीज किंवा इंटरनेट गेलं की ते गप्प बसतात आणि नेमकी तेव्हाच गरज असते. शिवाय तुमच्यात आणि पुण्यात साडेअकरा तासांचं अंतर, इथे दुपारी दोनला पाइप फुटला तर तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असणार, लग्नघरात फोन कोण बघतोय. माणूस हवा. दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी आत येऊन, हो आतच, नुसतं खिडकीतून नाही, थर्मोस्टॅट बघून, बेसमेंटमध्ये डोकावून जाईल असं बघा. त्यांना मेन व्हॉल्व प्रत्यक्ष नेऊन दाखवा, व्हॉल्वला मोठं लेबल बांधा, फर्नेसवाल्याचा आणि प्लंबरचा नंबर फ्रिजवर लावा. उणे तापमानाची लाट येणार असेल त्या दिवसांत रोज. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअरला उणे २३ फॅरनहाइट झालं होतं, तसा दिवस आला आणि फर्नेस सकाळी बंद पडला तर तुमच्या हातात फक्त काही तास असतात.

फ्रॉस्ट-फ्री नळाचं ऐका, हे फार महत्त्वाचं आहे. त्या नळाची दांडी लांब असते, फूटभर, आणि पाणी प्रत्यक्षात बंद होतं ते घराच्या आत, उबेत. बंद केल्यावर बाहेरच्या तुकड्यातलं पाणी आपोआप गळून जातं, म्हणून तो गोठत नाही. पण होज (बागेला पाणी घालायचा रबरी पाइप) जोडलेला राहिला तर ते पाणी गळत नाही, आतच राहतं, गोठतं आणि नळी भिंतीच्या आत चिरते. मजा म्हणजे तेव्हा काहीच कळत नाही कारण नळ बंद आहे. एप्रिलमध्ये पहिल्यांदा बागेला पाणी घालायला नळ सोडला की बाहेर बारीक धार आणि बेसमेंटच्या भिंतीतून पूर. तेव्हा दोन्ही होज आजच काढा, स्प्लिटर लावला असेल तर तोही, आणि मग नळ एकदा उघडून बंद करा, शेवटचं पाणी टपकताना दिसलं पाहिजे.

---

स्नेहल_टोरोंटो

आम्ही पण याच सुमारास नाशिकला जाणार आहोत, सगळं वाचतेय. परत आल्यावर पाणी चालू करताना काही काळजी घ्यायची का? की सरळ व्हॉल्व उघडायचा?

---

विनायक_ग्रँडरॅपिड्स

सरळ उघडू नका. लांबच्या प्रवासाहून येता, मुलं पेंगुळलेली असतात, सगळ्यांना आंघोळ हवी असते, तरी अर्धा तास द्या.

आधी हीट नेहमीच्या आकड्यावर आणून घर गरम होऊ द्या, एखादा पाइप अजून गोठलेला असेल तर तो सुटेल. उघडे ठेवलेले नळ तसेच राहू द्या, वरच्या मजल्यावरचे अजून एक-दोन उघडा, नळांच्या तोंडाची जाळी काढून ठेवा कारण सुरुवातीला गाळ येतो आणि ती बुजते. मग मेन अगदी थोडासा उघडा, पाण्याचा बारीक आवाज येईल इतकाच. नळांतून हवा फुसफुसत बाहेर पडेल. एका माणसाने व्हॉल्वपाशी थांबायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक मजल्यावर फिरून सिंकखाली, टॉयलेटमागे, सीलिंगवर हात लावून बघायचं, कुठे ओल दिसली की ओरडायचं आणि खालच्याने तिथल्या तिथे बंद करायचं. सगळ्या नळांना फुसफुस थांबून सलग धार आली की एकेक नळ बंद करत या, मग मेन पूर्ण उघडा आणि तो मीटरवरचा त्रिकोण दहा मिनिटं बघा.

गीझर सगळ्यात शेवटी. गरम पाण्याच्या नळाला हवेशिवाय सलग धार आली म्हणजे टाकी भरली, त्यानंतरच तो व्हेकेशनवरून काढा, विजेचा असेल तर त्यानंतरच ब्रेकर चालू करा. आइस मेकरची पहिली एक-दोन खेप फेकून द्या. बेसमेंटच्या फरशीतल्या जाळीतून वास येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकलंय, बादलीभर पाणी ओता, जाईल.

आणि एखाद्या नळाला पाणी येतच नसेल, बाकी सगळीकडे येतंय, तर तो पाइप अजून गोठलेला आहे असं समजा. तो नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने मागे मागे जात हेअर ड्रायरने गरम करत जा, बुचाच्या मधोमध सुरुवात करायची नाही. ब्लो टॉर्च, शेगडी, मेणबत्ती असलं काहीही भिंतीजवळ न्यायचं नाही, त्याने दरवर्षी घरं जळतात. जागा सापडली नाही तर मेन परत बंद करून प्लंबरला बोलवा आणि तोवर ती रात्र मित्रांकडे काढा.

---

स्नेहल_टोरोंटो

मिळालं. प्रिंट काढून बेसमेंटच्या दाराला आतून चिकटवतेय.